साखरेच्या मागानें कर्करोगाचा शोध

घरांतील एखाद्या वडील माणसाचा पेट् स्कॅन करावा, असें डॉक्टरांनीं सुचविलें, कीं सारें घर हवालदिल होतें. पुढें अहवाल हातीं येतो. अमुक ठिकाणच्या गांठीनें औषध अधिक प्रमाणांत शोषून घेतलें आहे, असें एखादें वाक्य त्यांत असतें; सोबतच्या चित्रांत मानवी आकृतीवर पिवळे-तांबडे ठिपके चमकत असतात. तेवढ्यावरून घरांतील शहाणीं माणसें निकाल देऊन मोकळीं होतात : जितके ठिपके, तितक्या ठिकाणीं कर्करोग! हा निकाल कधीं बरोबर ठरतो, तर कधीं साफ चुकतो. तो कां चुकतो हें समजावयाचें, तर या यंत्राला नेमकें काय दिसतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले, तेव्हांपासून जिवंत माणसाच्या शरीरांत डोकावण्याची सोय झाली. परंतु क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतो तो आकार. गांठ आहे, ती एवढी मोठी आहे, इतकें तें चित्र सांगतें. ती गांठ आंत काय करीत आहे, हें सांगत नाहीं. बंद घराच्या भिंती बाहेरून पाहून आंत किती माणसें राहतात तें कळत नाहीं. परंतु त्या घरीं रोज किती दूध जातें हें गवळ्याला विचारलें, तर अंदाज तत्काळ बांधतां येतो. पेट् स्कॅनची युक्ति या गवळ्याच्या जातीची आहे. फरक इतकाच, कीं येथें दुधाऐवजीं साखरेचा हिशेब ठेवावयाचा असतो.

या युक्तीचें मूळ जर्मनींत सांपडतें. १९२० नंतरच्या दशकांत बर्लिन येथें ऑटो वारबुर्ग यांनीं अर्बुदांतील पेशींवर प्रयोग केले. त्यांना असें आढळलें, कीं या पेशी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, विलक्षण वेगानें फस्त करितात आणि प्राणवायु मुबलक असतांनाही तिचें लॅक्टिक आम्ल बनवितात. पेशींचें श्वसन बिघडल्यामुळेंच कर्करोग होतो, असा सिद्धांत त्यांनीं यावरून मांडला. तो सिद्धांत पुढें टिकला नाहीं. परंतु मूळ निरीक्षण टिकलें.

अर्ध्या शतकानें त्या निरीक्षणाला हत्यार मिळालें. अमेरिकेंत ब्रुकहेव्हन येथील रसायनशास्त्रज्ञांनीं ग्लुकोजच्या रेणूंत एके ठिकाणीं किरणोत्सर्गी फ्लोरिन बसवून एक बनावट साखर तयार केली. तिला थोडक्यांत एफ्‌डीजी म्हणतात. ऑगस्ट १९७६ मध्यें ती विमानानें फिलाडेल्फियास नेण्यांत आली आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत प्रथमच माणसांना टोंचण्यांत आली. त्या वेळीं हेतु होता मेंदूच्या अभ्यासाचा. कर्करोगाच्या शोधार्थ तिचा उपयोग मागाहून रूढ झाला.

या साखरेनें पेशी फसते. खरी शर्करा समजून ती तिला आंत घेते व पचनाची पहिली पायरीही पार पाडते. परंतु पुढची पायरी या साखरेला चढतां येत नाहीं आणि सहजासहजीं बाहेरही पडतां येत नाहीं. अशी ती पेशींतच साठत जाते. तिच्यांतील फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन नांवाचे कण निघतात. असा कण इलेक्ट्रॉनला भेटला, कीं दोघेही नाहींसे होतात आणि दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनीं सुटतात. रोग्याभोंवतींच्या यंत्राच्या कड्यावर ते दोन्ही एकाच क्षणीं आदळले, म्हणजे त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर कोठेंतरी ही साखर आहे, हें निश्चित होतें. अशा लक्षावधि रेषांवरून संगणक चित्र रचतो. १९९८ मध्यें पिट्सबर्ग येथें या यंत्राची सीटी स्कॅनशीं सांगड घालण्यांत आली. त्यामुळें साखर किती साठली याबरोबरच ती नेमकी कोणत्या अवयवांत साठली, हेंही एकाच बैठकींत कळूं लागलें.

हा फ्लोरिन अल्पायुषी आहे. सुमारें ११० मिनिटांत त्याची शक्ति निम्मी होते. म्हणून तो साठवून ठेवतां येत नाहीं. सायक्लोट्रॉन यंत्रांत तयार करून लगोलग वापरावा लागतो. भारतांतील पहिलें वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ सालीं मुंबईंत परळ येथील विकिरण चिकित्सा केंद्रांत सुरू झालें.

आतां तपासणीपूर्वींचीं बंधनें ध्यानांत येतील. चार ते सहा तास उपवास करावयाचा, कारण रक्तांत खरी साखर भरपूर असली, तर बनावट साखरेला पेशींत शिरकाव मिळत नाहीं. मधुमेह असल्यास तो आधींच सांगावयाचा. सुई टोंचल्यावर सुमारें तासभर उबेंत शांत पडून राहावयाचें, कारण हालचाल करणारा स्नायुही साखर ओढतो.

येथेंच घरच्या निकालांतील चूक उघड होते. यंत्राला कर्करोग दिसत नाहीं. साखरेची भूक दिसते. मेंदु तर मुख्यतः साखरेवर चालतो, म्हणून तो निरोगी माणसांतही झळकतो. मूत्राशय झळकतें, कारण ही साखर त्या वाटेनें बाहेर पडते. शस्त्रक्रियेची ताजी जखम झळकते, आणि क्षयाची गांठही झळकते. क्षय जेथें घरोघरीं परिचित आहे, त्या आपल्या देशांत हें विसरून चालणार नाहीं. उलट, कांहीं मंदगति कर्करोग साखरेची फारशी मागणी करीत नाहींत, आणि अगदीं लहान गांठ यंत्राच्या नजरेंतून निसटते. म्हणून संशयित गांठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावांचून सहसा अखेरचा निर्णय देतां येत नाहीं.

मग या खटाटोपाचें फळ काय? २००२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत नेदरलंडमधील एक तुलना प्रसिद्ध झाली. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे किंवा तशा संशयाचे ९६ रोगी नेहमींच्या पद्धतीनें तपासले; त्यांतील ३९ जणांची शस्त्रक्रिया व्यर्थ ठरली. दुसऱ्या ९२ जणांचा पेट् स्कॅनही केला. त्यांत व्यर्थ शस्त्रक्रिया १९ जणांवरच झाल्या. ज्यांचा रोग आधींच दूर पसरला आहे, त्यांची छाती उघडण्याचे हाल टळले, हें थोडें नव्हे. लसीकाग्रंथींच्या कर्करोगांत उपचारांनंतर उरलेली गांठ जिवंत आहे कीं नुसता व्रण आहे, हेंही या परीक्षेनें पुष्कळदां उमगतें.

अर्बुद साखर खातें, तेव्हां रोग्याची साखर तोडली कीं तें उपाशीं मरेल, असाही तर्क घरोघरीं ऐकूं येतो. परंतु माणसानें साखर सोडली, तरी शरीर स्वतः ग्लुकोज बनवून रक्तांतील तिचें प्रमाण राखतें. उपासमारीनें वाळतो तो रोगी.

अहवाल हातीं आल्यावर घरच्या माणसांनीं करण्यासारखें एक काम मात्र आहे. पूर्वीं क्षय झाला होता काय, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा न्यूमोनिया झाला होता काय, जुनीं चित्रें कपाटांत आहेत काय, हें सारें शोधून डॉक्टरांपुढें ठेवावें. त्या ठिपक्याचा अर्थ लावण्यास यंत्राइतकीच या माहितीचीही गरज असते, आणि ती माहिती घरींच असते.