विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला तर

आम्ही बचत गटाच्या बायका आज जरा वेगळा विषय घेतोय. रस्त्याकडेचा पेट्रोल पंप आपण रोज पाहतो, पण त्याचा खरा साठा असतो जमिनीखालच्या टाक्यांत. टाकी गंजली, नळीचा सांधा सैल झाला, की इंधन थेंबथेंब मुरत राहतं. वर काहीच दिसत नाही. पहिली खबर अनेकदा लागते ती विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला, वासावरून.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खाली काळा कातळ आहे. वेरूळची लेणी याच कातळात कोरली आहेत. वरून तो अखंड वाटतो, पण आत भेगा असतात आणि पाणी त्या भेगांतून वाहतं. म्हणूनच एका बोअरला पाणी लागतं अन् वीस पावलांवरचा कोरडा जातो. पेट्रोलही त्याच वाटेनं जातं. पंपाशेजारची विहीर चांगली राहून लांबची बिघडू शकते. तेव्हा "आमची विहीर लांब आहे" म्हणून निर्धास्त राहू नका.

थोड्याशा पेट्रोलनं काय होतंय, असंही म्हणू नका. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शंभरात एक भागापर्यंत बेंझीन चालतं. बेंझीन दीर्घकाळ पोटात गेलं तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ठेवलीय लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. हिशोब केला तर एक लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझीन पाण्यात उतरलं, तर १०,००० लिटरचे ८० हून जास्त टँकर त्या मर्यादेबाहेर जातील. इतकं कमी बेंझीन वासावरून कळत नाही. म्हणजे वास गेला म्हणून पाणी शुद्ध झालं, असं नाही.

हे आपल्या देशात घडलेलं आहे. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात घरांच्या बोअरमधून इंधन मिसळलेलं पाणी येऊ लागलं. तिथं गळती पंपाची नव्हती, जमिनीखालून जाणाऱ्या तेलवाहिनीची होती. पण कळलं ते घरच्या पाण्यावरूनच.

मग वास आला तर काय करायचं? आधी काय करायचं नाही ते ऐका. ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, जनावरांनाही पाजू नका. उकळू नका. उकळलं की वाफ घरात पसरते आणि पेट घ्यायची भीती असते. तुरटी, क्लोरीन, फडक्याची गाळणी यांनी बेंझीन जात नाही. विहिरीजवळ काडी ओढू नका, बिडी पेटवू देऊ नका, मोटर चालू करू नका. पाहायला म्हणून कुणालाही खाली उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत साचते आणि माणूस गुदमरतो.

आता करायचं ते. त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी कळवा, पोच घ्या. एक अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संभाजीनगर कार्यालयात द्या आणि एक भूजल सर्वेक्षण यंत्रणेला. वास कधीपासून येतो, पाण्यावर तवंग आहे का, आसपास कुठे इंधनाचा साठा आहे, हे त्यात लिहा. पर्यायी पाणी मागा. जलजीवन मिशनमध्ये आपल्या काही बायका पाणी तपासायला शिकल्यात, पण त्या पेटीत बेंझीन सापडत नाही. "बेंझीन आणि पेट्रोलियम पदार्थ तपासा" असं अर्जात स्पष्ट लिहा. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड ठेवून न्यावा लागतो. तो प्रयोगशाळेच्या माणसानंच घ्यावा.

तपासणीत पंपाची साठा-वही पाहतात: किती आलं, किती विकलं, किती उरलं. हिशोब सतत कमी भरत असेल तर गळतीचा संशय येतो. टाकीवर दाब देऊन ती गळते का हे पाहतात. भोवती निरीक्षणासाठी बोअर घेऊन माती आणि पाणी तपासतात.

सफाईला क्रम असतो. आधी गळती बंद. मग पाण्यावर तरंगणारं इंधन उपसायचं, खराब माती काढायची, मातीतली वाफ पंपानं ओढून घ्यायची. पाणी उपसून कोळशासारख्या खास गाळणीतून सोडायचं. उरलेलं इंधन खाणारे जंतूही असतात, त्यांना हवा पुरवतात. याला महिने नाही तर वर्षंही लागतात. खर्च प्रदूषण करणाऱ्यानं द्यायचा, हे तत्त्व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात आहे. त्याचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे.

आणि एक. "झालं, पाणी शुद्ध" असं उन्हाळ्यात सांगितलं, तर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी मागा. पाण्याची पातळी वर आली की मातीत अडकलेलं इंधन परत पाण्यात मिसळतं.

येत्या बैठकीत गटानं एवढं करावं: गावाभोवतीचे चालू पंप, बंद पडलेले जुने पंप, आणि सगळ्या विहिरी-बोअर यांचा एक कच्चा नकाशा काढावा. गटाच्या वहीत तो चिकटवून ठेवा. वास आला त्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते लगेच कळेल.