लाल रेघेचे औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी औषधांच्या दुकानात बसणारी बाई. व्याख्यानाची मला सवय नाही. पण आपल्या प्रत्येकीच्या घरी उरलेल्या गोळ्यांचा एक डबा असतो. त्याविषयी चार शब्द सांगते.

१९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. ज्या दुखण्यांनी पूर्वी माणसे दगावत, ती बरी होऊ लागली. परंतु ही औषधे जिवाणूंवर चालतात. सर्दीपडशाच्या विषाणूंवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. अपुरी मात्रा घेतल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असे फ्लेमिंग यांनीच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात बजावले होते. आज तसेच घडत आहे.

मग ओळखावे कसे? पट्टीवर उभी लाल रेघ पाहा. अशी रेघ असलेले प्रत्येक औषध अँटिबायोटिक असतेच असे नव्हे. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही, हे नक्की. नंतर कंपनीने दिलेले नाव सोडून औषधाचे मूळ नाव वाचा.

एकदा एक बाई अर्धी पट्टी घेऊन आल्या. "धाकट्या बहिणीला घसा धरलाय, ही देऊ का?" बहिणीला पेनिसिलीन सोसत नाही, हे त्यांना ठाऊक होते; पट्टीवर तो शब्द नव्हता, म्हणून त्या निर्धास्त होत्या. मी मूळ नाव वाचून दाखविले: अमॉक्सिसिलीन. हे पेनिसिलीनच्याच कुळातले! अशा माणसाला ते दिले तर अंगावर गांधी उठतात, क्वचित जिवावरही बेतते. तोंड सुजले, श्वास कोंडला, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

म्हणून इतके करा. पट्टी कापून घेताना नाव व मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्या. काय सोसत नाही ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. सांगितले तितके दिवस औषध घ्या. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नका. एकीची गोळी दुसरीला देऊ नका. मुलांच्या औषधाच्या भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घाला.

आणि न समजल्यास दुकानात विचारा, भगिनींनो. विचारणाऱ्या बाईचा आम्हांला कंटाळा येत नाही; न विचारता नेणारीचीच काळजी वाटते.