पन्नाशीनंतरच्या बाईला कोण बोलावते?



 डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंच्या या अधिवेशनात अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा कार्यवाहांच्या अहवालात सविस्तर आला आहे. म्हणून माझा वेळ मी एकाच विषयाला देते: स्तनाचा कर्करोग आणि आपल्या बायकांची तपासणी.

जागतिक कर्करोग नोंदींच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. त्याच अंदाजांत अमेरिकेत साधारण सहा-सात नव्या रुग्णांमागे एक मृत्यू दिसतो. या तफावतीला कारणे अनेक आहेत, पण त्यांतली दोन मोठी आपल्याला रोज भेटतात. रोग उशिरा कळतो आणि कळल्यावरही उपचार उशिरा सुरू होतात किंवा अर्धवट सुटतात.

उशिरा का कळतो? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते की, तुमच्या स्तनांची तपासणी कधी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत. हा आकडा वाचून ‘बायका निष्काळजी आहेत’ असा निष्कर्ष आपल्यातलेच काही जण काढतात. तो मला मान्य नाही. हीच बाई बाळाला प्रत्येक लस वेळेवर टोचून घेते. गरोदरपणात दवाखान्याच्या खेपा घालते. कारण तिथे तिला कोणीतरी बोलावते. तारीख सांगितलेली असते, कार्ड दिलेले असते, चुकली तर आशाताई दारात येऊन उभी राहते.

बाळंतपणे संपली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, की हे बोलावणे थांबते. पाळी जाण्याच्या वयात तर आरोग्ययंत्रणेच्या लेखी ती जवळजवळ नाहीशी होते. आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो नेमका वयाबरोबर.

धोक्याबद्दल थोडे बोलते, कारण आपल्या दवाखान्यांतही त्याविषयी अर्धवट समजुती आहेत. ‘आमच्या घराण्यात कोणालाच नाही’ हे वाक्य आपण रोज ऐकतो आणि कधीकधी आपणही त्यावर निश्चिंत होतो. प्रत्यक्षात हा रोग झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या घराण्यात तो आधी कोणाला झालेला नसतो. आनुवंशिक दोषामुळे होणारे कर्करोग शंभरात साधारण पाच ते दहा. ज्यांच्या आईला किंवा बहिणीला तो कमी वयात झाला, त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यायलाच हवे. माहिती घेताना वडिलांकडची आत्या आणि आजीही विचारावी, कारण तो जनुकदोष बापाकडूनही येतो. लवकर आलेली पाळी, उशिरा गेलेली पाळी, पहिले मूल उशिरा होणे किंवा न होणे, अंगावर न पाजणे, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्यपान, या गोष्टींनी धोका वाढतो. पण यातले काहीही नसलेल्या बाईलाही हा रोग होतो. ‘माझं काय चुकलं?’ असे ती विचारते, तेव्हा ‘काही नाही’ हे उत्तर आपण ठामपणे द्यावे.

आता ती का येत नाही, हे तिच्याच शब्दांत ऐकू. ‘गाठ आहे, पण दुखत नाही.’ ‘दुधाची असेल, जिरेल.’ ‘लेकीचं लग्न उरकू दे, मग बघू.’ ‘तपासायला बाई डॉक्टर आहेत का?’ ‘सुई टोचली की पसरतं म्हणतात.’ यांतल्या एकाही वाक्यावर हसू नये. दुखण्याला घाबरून दवाखाना गाठायचा, हे तिला आपणच शिकवले आहे. न दुखणारी गाठच अधिक संशयाची, हे तिला कोणी सांगितले? अंगावर पाजणाऱ्या बाईची गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर पुन्हा या, हे सांगून आपण किती जणींना पाठवतो?

विचारणारा भेटला की बाई येते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंद घेणारे लोक गावोगाव फिरत आणि फिरताना लक्षणांविषयी बोलत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. महागडे यंत्र नव्हते. कोणीतरी येऊन विचारत होते, एवढेच.

दुसरा पुरावा मुंबईचा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये तिथे एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. उरलेल्या निम्म्या स्त्रियांना कर्करोगाची माहिती देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी न झालेल्या गटात शंभरातले ४७ कर्करोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडले होते, तपासणी झालेल्या गटात ३७. आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

या अभ्यासाची दुसरी बाजूही मांडते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत आणि सर्व वयोगट एकत्र धरले तर दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. तरुण स्त्रीला गाठ लागली तर तिची तातडीने तपासणी व्हायलाच हवी, त्यात तडजोड नाही. पण काहीच त्रास नसलेल्यांपैकी कोणाला आधी बोलवायचे, असा प्रश्न आला, तर उत्तर स्पष्ट आहे. जिला बोलावणे आपण बंद केले, तिलाच.

‘मग बायकांना स्वतःच तपासायला शिकवले की झाले’, असे कोणी म्हणेल. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर हा प्रयोग झाला. निम्म्या जणींना काळजीपूर्वक शिकवले गेले. २००२ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच होते. शिकवलेल्या गटात साध्या गाठींसाठी सुया आणि शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. आपल्या शरीराची ओळख प्रत्येक स्त्रीला हवी. आकारात फरक, त्वचेला खळगा, आत ओढलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, हे तिला कळायला हवे. पण तपासणीची जबाबदारी तिच्या एकटीच्या गळ्यात घालून आपण मोकळे होऊ शकत नाही. मॅमोग्राफीचे मोल मी जाणते. जिथे चांगले यंत्र आणि फिल्म वाचणारी जाणती नजर आहे, तिथे पन्नाशीनंतर ती जरूर व्हावी. पण तालुक्याच्या प्रत्येक बाईने तिची वाट पाहत बसावे, असे मी म्हणणार नाही.

सरकारी चौकट तयार आहे. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. आशाताई जो अर्ज भरून घेतात, त्यात स्तनातल्या गाठीचा प्रश्न आहे. प्रश्न विचारला जातो, खूण होते, आणि पुष्कळदा तिथेच सारे थांबते. पडदा नसलेल्या खोलीत, रांगेतल्या शेजारणींसमोर कोण खरे सांगेल?

गाठ सापडल्यानंतरचा रस्ता तर आणखी खडतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात तीन उद्दिष्टे ठेवली आहेत: साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, निदान साठ दिवसांत व्हावे आणि ऐंशी टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. आपल्याकडचे साठ दिवस कशात जातात, ते आपण जाणतो. सोबत कोण जाणार, मजुरी किती दिवस बुडणार, जनआरोग्य योजनेसाठी कोणता कागद कमी पडला, यांत जातात. आणि काही दिवस आपल्या हातून जातात. सुईची तपासणी न करता गाठ काढून टाकली जाते, ती पॅथॉलॉजीकडे जातच नाही, आणि वर्षभराने ती बाई काखेतली गाठ घेऊन परत येते. हे आपल्या व्यवसायात घडते आहे आणि ते थांबवणे आपल्याच हाती आहे.

म्हणून या अधिवेशनाने चार गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, रक्तदाब, साखर किंवा गुडघेदुखीसाठी आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक स्त्रीला स्तनतपासणी हवी का, हे विचारायचे. पडद्याआड, प्रशिक्षित परिचारिकेकडून. दुसरी, सुईच्या तपासणीशिवाय स्तनातल्या गाठीवर शस्त्रक्रिया करायची नाही आणि काढलेली कोणतीही गाठ पॅथॉलॉजीकडे पाठवल्यावाचून राहायची नाही. तिसरी, पुढे पाठवलेल्या प्रत्येक स्त्रीचा फोन क्रमांक वहीत ठेवून उपचार सुरू होईपर्यंत तिला विचारत राहायचे. चौथी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि बचतगटाची बैठक, जिथे विधवा असो वा सवाष्ण, प्रत्येक बाईला बोलावणे असेल, तिथे आपली परिचारिका पोहोचेल असे पाहायचे.

यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवे यंत्र, नवा निधी किंवा वरून येणारा आदेश लागत नाही. पुढच्या अधिवेशनात प्रत्येक तालुक्याने आपली वही घेऊन यावे. किती जणींना विचारले, किती जणींची तपासणी झाली आणि गाठ सापडलेल्यांपैकी किती जणी उपचारापर्यंत पोहोचल्या, हे तीन आकडे आपण याच व्यासपीठावरून वाचू आणि त्यांवरूनच आपले काम मोजू.