नियम थोडे, वाटा पुष्कळ

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



खेळावर दोन शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी थोडा बिचकलोच. आपल्या घरांतून "खेल में क्या रखा है, किताब लेके बैठ" हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. तेव्हा खेळ चांगला की वाईट, या वादात मी आज शिरणार नाही. खेळाचे नियम कसे करावेत, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. आपण म्हणाल, नियम करणे हे मोठ्या लोकांचे काम, रेणापूरच्या पोरांना त्याचे काय? पण गल्लीत जाऊन पाहा. "आमच्याकडे असं चालत नाही", "तुमच्या गल्लीचा नियम वेगळा" अशी भांडणे रोज चाललेली असतात. आपली मुले रोज नियम करतात आणि रोज मोडतात. हा विषय त्यांना नवा नाही.

बसून खेळायच्या कोणत्याही खेळात दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे नियम सोपे हवेत, म्हणजे नवा गडी चटकन खेळात बसतो. दुसरी म्हणजे खेळणाऱ्याला स्वतःच्या बुद्धीने करण्याजोगे काही हवे, म्हणजे त्याच्यापुढे निवडीला वाटा हव्यात. अडचण अशी की या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. सापशिडी घ्या. तिच्याइतका सोपा खेळ नाही. चार वर्षांचे पोरही तो खेळते. पण त्यात खेळणाऱ्याने ठरवायचे काय? काहीच नाही. फासा सांगेल तितकी घरे सोंगटी जाते, आपला फक्त हात लागतो. म्हणून मूल जरा मोठे झाले की सापशिडी कोपऱ्यात पडते.

आता दुसरे टोक पाहा. अबुल फजलने आपल्या 'आईन-ए-अकबरी'त अकबर बादशहाच्या खेळांची माहिती दिली आहे. बादशहाने स्वतः 'चंदल मंडल' नावाचा एक खेळ काढला होता. गोलाकार पट, त्याच्या सोळा पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चोवीस घरे, चौसष्ट सोंगट्या, चार फासे आणि खेळणारे सोळा! शिवाय तो खेळण्याच्या अनेक रीती. त्याच ग्रंथात साध्या चौपडीचेही वर्णन आहे. चार खेळाडू आणि सोळा सोंगट्या. आज चंदल मंडल मांडून बसलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. पण चौपड आणि तिची बहीण पचीसी अजून जिवंत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात पचीसीलाच आणखी सोपे करून 'ल्यूडो' निघाला आणि तो जगभर गेला. बादशहाला सोळा माणसे बसवणे अवघड नव्हते. आपल्या ओसरीवर मात्र चार माणसे एका वेळी जमणेही मुश्कील असते.

मग काय, वाटा हव्या असतील तर नियमांचा ढीग रचावाच लागतो काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा बुद्धिबळ देते. चौसष्ट घरे आणि सहा जातींची मोहरी. नियम अर्ध्या तासात सांगून होतात, आणि जन्मभर खेळले तरी वाटा संपत नाहीत. वाटा नियमांच्या संख्येतून येत नाहीत, मोहरी एकमेकांना भिडल्यातून येतात.

तरीही बुद्धिबळाच्या इतिहासात एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. जुन्या हिंदी पद्धतीत बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चालत असे. युरोपात लोकांना डावाची सुरुवात फार संथ वाटली, म्हणून प्याद्याला पहिल्या खेपेला दोन घरांची मुभा मिळाली. पण त्यामुळे प्यादे समोरच्या प्याद्याच्या तावडीतून अलगद निसटू लागले. ते अडवण्यासाठी 'जाता-जाता मारण्याचा' आणखी एक नियम करावा लागला. आजही नवशिक्यांचा गोंधळ उडतो तो याच नियमापाशी. एक नियम असा दुसऱ्याला जन्म देतो. नवा नियम दारात आला की त्याच्यामागे कितीजण उभे आहेत, हे आधी डोकावून पाहावे.

पंजाबचे मीर सुलतान खान हे याच हिंदी पद्धतीवर वाढले. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले, १९२९ साली इंग्लंडात गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसले. पुढे १९३२ व १९३३ सालीही त्यांनी ते जिंकले. नियम बदलले तरी पटावरच्या वाटा पाहणारी नजर तीच राहिली. आणि विद्यार्थी मित्रांनो, भोपाळचे रफीक खान हे व्यवसायाने सुतार. १९८० साली माल्टा येथील बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. नियम थोडे असले की खेळाचे दार असे सर्वांना खुले राहते. त्यासाठी घरी कपाटभर पुस्तके असावी लागत नाहीत.

नवा नियम कधीच करू नये, असेही माझे म्हणणे नाही. कबड्डीतली बोनस रेषा पाहा. मैदानावर एक रेषा मारली आणि सांगितले, समोर सहा किंवा अधिक गडी असताना चढाई करणाऱ्याने ती ओलांडून पाय टेकवला व दुसरा पाय हवेत असला, तर एक गुण. एवढ्याशा रेषेने दर चढाईला प्रश्न उभा केला. रेषेकडे जावे की गड्याला शिवावे? बचाव करणाऱ्यांनाही प्रश्न पडला. पुढे सरकावे की मागे राहावे? नियम एक, आणि विचार दोन्ही बाजूंना. असा नियम खुशाल करावा.

आता एका नव्या जातीच्या खेळाकडे वळतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. यात प्रत्येकजण एक सोंग घेतो. कोणी शिपाई, कोणी वाटाड्या. एकजण पंच होतो. पंच प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तू काय करशील?" खेळाडूला सुचेल ते तो करू शकतो. म्हणजे वाटांना अंतच नाही. सुरुवातीला तीन पातळ पुस्तिका होत्या. मग पुरवण्या निघाल्या. १९७७ साली नवशिक्यांसाठी एक सोपा संच वेगळा काढावा लागला, आणि १९७७ ते १९७९ या काळात जाणत्यांसाठी तीन जाड ग्रंथ. सोपेपणा आणि वाटा यांची अशी वाटणीच झाली म्हणा ना. पुढे एक काळ असा आला की दर घावाला इथे दोन मिळवा, तिथे एक वजा करा, असा हिशेब होऊन बसला. २०१४ सालच्या आवृत्तीत त्यांनी त्यातला बराचसा हिशेब एका वाक्यात आणला. परिस्थिती अनुकूल असेल तर फासा दोनदा टाका आणि चांगला आकडा घ्या, प्रतिकूल असेल तर वाईट घ्या. चाळीस वर्षांनी त्यांना हे सुचले. मला बरे वाटले, कारण मीही तीच चूक करून बसलो होतो. ती आता सांगतो.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलांसाठी असाच एक खेळ करायला घेतला. राक्षस आणि जादूटोणा आपल्याला नको होता. आपल्या ओळखीचा मोंढाच घेतला. कोणी शेतकरी, कोणी आडत्या, कोणी हमाल, कोणी टेम्पोवाला, कोणी दालमिलवाला. तुरीची पोती म्हणून खडे, पैसे म्हणून चिंचोके. पावसाच्या आणि भावाच्या चिठ्ठ्या पिशवीत. मोंढ्यातली एकही गोष्ट सुटू नये म्हणून मी वहीत त्रेचाळीस नियम लिहिले आणि स्वतःवर खूश झालो.

पहिल्या संध्याकाळी दीड तासात दोन फेऱ्या झाल्या. तिघेजण उठून कबड्डी खेळायला गेले. मी मुलांवर रागावलो. ओसरीवर माझी दादी बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, "बेटा, तेरे कायदे तुझेच याद नहीं. हर बार बही देखता." माझा राग तिथेच उतरला.

दुसऱ्या खेपेला मी पाचच नियम ठेवले. आता मुले दहा मिनिटांत खेळू लागली. पण आठवड्याभरात सगळी एकच गोष्ट करू लागली. माल घरात दाबून ठेवायचा आणि भाव चढला की विकायचा. कारण माझ्या नियमांत माल ठेवण्याला काहीच तोशीस नव्हती. कागदावर वाटा चार होत्या, पण शहाण्याची वाट एकच. जी वाट कधीच फायद्याची नसते, ती वाट नव्हेच. तो भिंतीवर काढलेला दरवाजा.

तिसऱ्या खेपेला मी एक नियम घातला की ठेवलेल्या प्रत्येक पोत्याला दर फेरीला एक चिंचोका भाडे. लगेच विचार सुरू झाला. आज विकावे, की भाडे भरून थांबावे? आणखी दोन नियम केले. त्यातला एक असा की जे नियमात नाही तेही करून पाहायला हरकत नाही, ते जमते की नाही हे पंच सांगेल. एकूण आठ नियम झाले. ते दादीलाही पाठ झाले.

याच सुमारास एक पालक माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, चिठ्ठ्या काढता, हा जुगार तर नव्हे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पैज लावून खेळणे आपल्याला हराम आहे, आणि फाशांचा तर अनेक आलिम पैजेवाचूनही निषेध करतात. मी म्हणालो, "साहेब, म्हणूनच यात फासा नाही आणि पैज नाही. चिंचोके खेळ संपला की डब्यात जातात. पाऊस किती पडेल हे आपल्या हातात नाही, एवढेच ही चिठ्ठी सांगते." ते अर्धा तास बसून खेळ पाहत राहिले आणि दुसऱ्या दिवशी धाकट्यालाही घेऊन आले.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे सारे सांगत आहे. एक मुलगी, सातवीतली, हमाल झाली होती. हमालाला माझ्या नियमात एकच काम होते. पोते उचला, एक चिंचोका घ्या. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "सर, आम्ही तिघी हमाल मिळून बसून राहिलो, दोन चिंचोके द्या म्हटलं, तर चालेल का?" "नियमात नाही" असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण नियम मीच केला होता, तेव्हा "चालेल" म्हणावे लागले. तिघी बसल्या. टेम्पो उभा राहिला. आडत्याचे भाडे चढू लागले. एका शेतकऱ्याने स्वतः पोते वाहिले आणि त्यात त्याची एक फेरी गेली. शेवटी दीड चिंचोक्यावर तडजोड झाली. चिंचोका फोडून अर्धा केला. एकही नियम न वाढवता सगळा मोंढा बदलून गेला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी-हमालांसाठी कायदा झाला, हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. तिचे वडील मोंढ्यात हमाली करतात, हे मला नंतर कळले.

त्या रात्री मी ती पहिली वही पुन्हा काढली. शेतकऱ्याला मी नऊ वाटा दिल्या होत्या, आडत्याला अकरा. हमालापुढे एकच ओळ होती, 'ओझे उचला'. त्रेचाळीस नियम लिहिताना हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. वाटा एकूण किती, हे मी मोजले होते. कोणाला किती, हे मोजले नव्हते.

तेव्हा नियम करणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत, असे मी म्हणेन. हा नियम वही न पाहता सांगता येतो का? यामुळे खेळणाऱ्याला खरोखर काही ठरवावे लागते का? आणि ज्याच्या वाट्याला सर्वांत थोडे आले आहे, त्याच्यापुढे दोन तरी वाटा आहेत का?

पालकहो, आपण घरी जाल तेव्हा हेच प्रश्न आपल्या घरालाही विचारून पाहा. खोटे बोलायचे नाही, पैज लावायची नाही, अभ्यास वेळेवर करायचा, सांगून बाहेर जायचे. असे चार नियम पुरे होतात. ते कडक पाळा, आणि मुलाला व मुलीला सारखेच लावा. पण पुढच्या वाटा मोकळ्या ठेवा. लातूर आपल्या उशाला आहे. तिथल्या शिकवण्यांचे नाव राज्यभर झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, एवढ्या दोनच वाटा मुलापुढे ठेवायच्या, आणि मुलीच्या नावापुढे एकच ओळ लिहायची, हे माझ्या त्या पहिल्या वहीसारखे होईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत तुम्ही स्वतः एक खेळ करा. खडू, खडे आणि चिंचोके एवढे सामान पुरे. नियम पाचांपासून सुरू करा. खेळून पाहा, आणि जो नियम नडेल तो काढा. आणि खेळ मांडल्यावर सर्वांत मागे बसलेल्या गड्याला विचारा, "तुला यात काय-काय करता येतं?" तो काय सांगतो ते नीट ऐका.