सुगरणीचा खोपा आणि रोजचा आनंद

(पक्षी सप्ताहानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. राज्य शासनाने २०२० मध्ये हा उपक्रम सुरू केला. या दोन्ही तारखांना अर्थ आहे. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे मारुती चितमपल्ली यांचा जन्म झाला, तर १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत डॉ. सालिम अली जन्मले. एकाने वनखात्यात सेवा करीत अरण्याची भाषा मराठी साहित्यात आणली. दुसऱ्याने भारतीय पक्षिशास्त्राचा पाया भक्कम केला. अशा सप्ताहात व्याख्याने होतात, प्रदर्शने भरतात, विद्यार्थ्यांच्या सहली निघतात. हे सर्व स्तुत्यच आहे. तथापि पक्षी वर्षातून आठच दिवस येत नाहीत, आणि त्यांना पाहण्याचा आनंदही आठ दिवसांपुरता मर्यादित नाही.

या आनंदाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. निसर्ग, पशुपक्षी, चित्रकला हे छंद सवड आणि सुबत्ता असलेल्यांचे. पोटापाण्याच्या विवंचनेत असलेल्या माणसाने झाडाकडे पाहत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे अनेकांना वाटते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर तत्त्वचर्चेत न शोधता प्रत्यक्ष उदाहरणात शोधणे बरे. ते उदाहरण महाराष्ट्रातील बहुतेक गावांना परिचित असलेल्या एका पक्ष्याचे आहे. हा पक्षी म्हणजे सुगरण.

सुगरण आकाराने चिमणीएवढी. विणीच्या हंगामात नराचा माथा व छाती पिवळीधमक होते. हंगाम सरला की तो रंग उतरतो आणि नर-मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे दिसू लागतात. पावसाळा सुरू होऊन गवत व भाताची पाती वाढली की हे पक्षी बाभळीवर, शिंदीवर, बहुधा विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना आपले खोपे टांगतात. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, लांब धागा ओरबाडून काढायचा आणि तो गाठी मारीत, ओवीत विणायचा, असे हे काम शेकडो फेऱ्यांचे असते. वर फुगीर दालन, त्यात अंड्यांसाठी खोलगट जागा आणि खाली लोंबणारी नळीसारखी वाट, अशी त्या घराची रचना असते. आत ओल्या मातीचे गोळे लावलेले आढळतात. त्या मातीत काजवा चिकटवून सुगरण आपले घर उजळते, अशी गोड लोकसमजूत आहे. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावे, असे एक मत आहे.

भाषेने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले. घर नेटके ठेवणारी ती सुगरण, हा त्यामागील आदर. वस्तुस्थिती मात्र अशी की, खोपा विणतो तो नर. ही गोष्ट निश्चितपणे कशी कळली, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

किहीममधील दिवस

सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपत. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, या कुतूहलाने ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला हाकलून न देता संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. छंदाचा आरंभ हा असा एका प्रश्नातून झाला.

छंदाने पोट मात्र भरत नव्हते. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लाभली. पुढे त्यांनी जर्मनीत जाऊन पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीच्या अभावी ती जागाच रद्द झाली होती. हाती विद्या होती, काम नव्हते. अशा अवस्थेत सालिम अली व त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले.

तेथे पावसाळ्यात सुगरणींची वसाहत त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आली. त्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली आणि पाहिलेले टिपून ठेवले. त्यातून जे निष्पन्न झाले, ते पक्षिशास्त्राला नवे होते. नर एकटाच खोपा अर्धवट विणतो आणि माद्यांना तो पाहण्यास बोलावतो. मादी येते, खोप्याची पारख करते. पसंत पडला तर त्यात राहते, नाही तर निघून जाते. घर स्वीकारले गेले की नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या खोप्याला हात घालतो. अशा रीतीने एकाच हंगामात तो एकामागून एक अनेक संसार मांडतो. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पक्षितज्ज्ञांच्या जगात त्यांची दखल घेतली गेली. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक आले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले.

हे सन्मान नंतरचे होत. बेकारीच्या त्या पावसाळ्यात यातील काहीच दिसत नव्हते. होते ते एक झाड, त्यावरची लगबग आणि ती पाहणारे डोळे. सवड आणि सुबत्ता असेल तरच असा छंद जोपासता येतो, हे म्हणणे येथे टिकत नाही. दिवस कठीण असतानाही मनाला गुंतवून ठेवणारे काही रोज समोर असणे, हा केवढा मोठा आधार असतो, हेच या हकीकतीवरून दिसते.

शेतातील दृष्टी

सालिम अलींच्या हाती निदान ग्रंथ होते. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळखही नव्हती. १८८० मध्ये आसोदे येथे जन्मलेल्या आणि शेतात, घरात आयुष्यभर राबलेल्या या माउलीने याच पक्ष्याच्या खोप्यावर ओव्या रचल्या. त्या १९५१ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या कविता पुढील वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि आज त्या मराठी घराघरांत पोहोचल्या आहेत. एकाने खोप्याचे शास्त्र मांडले, दुसरीने त्याचे काव्य केले. दोघांच्याही निर्मितीच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे थांबून पाहणे. बहिणाबाईंना त्यासाठी कामातून वेगळी रजा काढावी लागली नाही. काम करता करताच त्यांची दृष्टी सभोवती फिरत होती.

चितमपल्ली यांनीही नोकरी आणि छंद यांच्यात भिंत उभारली नाही. वनाधिकारी म्हणून फिरताना त्यांनी आदिवासी आणि वनवासी लोकांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे व त्यांविषयीचे ज्ञान गोळा केले. त्यांचा ‘पक्षिकोश’ या साधनेची साक्ष देतो. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. नाव ठाऊक झाले की पक्षी ओळखीचा होतो, आणि ओळखीचे झाले की त्याची उणीवही जाणवू लागते, हा त्यांच्या लेखनाचा मोठा धडा आहे.

वही, पेन्सिल आणि संयम

या छंदाचा आरंभ करण्यास खर्च जवळजवळ नाही. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास एक वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. घराजवळचे एक झाड, पाणवठा किंवा विहीर निवडावी. रोज ठरावीक वेळी पंधरा मिनिटे तेथे शांत बसावे. तारीख, वेळ, हवामान, दिसलेला पक्षी, त्यांची संख्या आणि ते काय करीत होते, एवढे लिहावे. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहावे आणि वृद्धांना, गुराख्यांना, शिक्षकांना विचारावे.

शक्य झाल्यास पक्ष्याचे रेखाचित्र काढावे. चित्र सुबक येणे महत्त्वाचे नाही. चित्र काढू लागले की चोच जाड आहे की बारीक, शेपूट आखूड आहे की लांब, डोळ्यावर पट्टा आहे की नाही, असे प्रश्न उभे राहतात आणि हात डोळ्यांना पाहावयास शिकवतो. ज्या मुलाने एकदा खोप्याचे चित्र काढले, त्याला तो पुन्हा केवळ गवताचा पुंजका वाटणार नाही. घरातील आजोबा आणि नातवंड यांनी मिळून अशी वही ठेवली, तर एकाची आठवण व दुसऱ्याची नजर एकाच पानावर येईल.

आनंदाबरोबरची जबाबदारी

अशा साध्या नोंदींचे मोल आज वाढले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्याचे त्यात आढळले. हे आकडे चिंताजनक आहेत. परंतु ते कळले, तेच मुळी असंख्य हौशी माणसांनी आपला आनंद टिपून ठेवला म्हणून.

सुगरणीपुरते बोलायचे, तर काही गोष्टी प्रत्येकाच्या हातच्या आहेत. विणीच्या काळात खोप्याजवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी फांदी वाकवू नये. दिवाणखान्याच्या शोभेसाठी खोपे तोडण्याची प्रथा सोडून द्यावी. सुगरण निघून गेल्यावर मनोलीसारखे छोटे पक्षी त्या जुन्या घरट्यांचा आसरा घेतात. विहिरीकाठची बाभूळ किंवा बांधावरची शिंदी तोडण्यापूर्वी तिच्यावर कोणाची वसाहत आहे, हे पाहावे. ज्वारी-बाजरीच्या कणसांवर सुगरणी उतरतात, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. मात्र पिलांना भरविण्यासाठी त्या किडेही वेचतात, हेही ध्यानात ठेवावे. पक्ष्यांची आवड म्हणून पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. उडणाऱ्या पक्ष्याला पाहण्यात जे सुख आहे, ते कोंडलेल्या पक्ष्यात नाही.

नोव्हेंबरात सुगरणीचे खोपे बहुधा रिकामे असतात आणि त्यांचे मालक रंग उतरवून शिवारात थव्याने हिंडत असतात. त्यांना ओळखणे तेव्हा जरा अवघड जाते. परंतु वहीची सुरुवात करण्यास हाच काळ योग्य आहे. आता पाहिलेल्या झाडांची व खोप्यांच्या संख्येची नोंद केली, तर पुढच्या पावसाळ्यात पहिला पिवळा नर चोचीत गवताचे पाते घेऊन येईल, तेव्हा त्याची वाट पाहणारे कोणीतरी त्या गावात असेल.