‘गिव्ह अप’ आणि आपले ‘सोडून देणे’



‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे कसे? भालकी, औराद, आळंदकडची मुले हे विचारतात आणि ‘पाठ करा’ एवढेच उत्तर त्यांना मिळते. इंग्रजीतली अशी जोडक्रियापदे परक्यांना सर्वांत अवघड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. आपल्या मुलांना ती तितकी अवघड वाटण्याचे कारण नाही.

‘खाऊन टाक’ म्हणताना आपण घास फेकायला सांगत नाही. कन्नडच्या ‘तिंदुबिडु’तला ‘बिडु’ म्हणजे सोड. पण तिथेही सुटत काही नाही. दोन्हीकडे दुसरे क्रियापद स्वतःचा अर्थ बाजूला ठेवून काम पुरे करायला सांगते. ‘ईट अप’मधला ‘अप’ तेच करतो. आपल्याकडे हे काम क्रियापदाचे, तिकडे अव्ययाचे.

‘गिव्ह अप’चा जुना अर्थ हवाली करणे. १६५७ साली बीदरचा जखमी किल्लेदार सिद्दी मरजान याने मुलांच्या हाती किल्ल्या देऊन किल्ला औरंगजेबाच्या स्वाधीन केला. तिथे देणारा होता, घेणाराही होता. विडी ‘गिव्ह अप’ करताना घेणारा कोणीच नसतो. इंग्रजीला दोन्हीसाठी एकच शब्द पुरतो. कन्नड मात्र भेद करते: विडी ‘बिट्टुबिडु’, पण बसमधली जागा म्हातारीला ‘बिट्टुकोडु’. ‘कोडु’ म्हणजे दे. आपले ‘सोडून देणे’ याहून सैल. त्यात ‘दे’ असूनही विडी आपण कोणाला देत नाही. ‘अरे, सोडून दे’ ही तर भांडणानंतरची समजूत. तिथे ‘गिव्ह अप’ लिहिणाऱ्याचे मार्क जातात. आणि थकलेला इंग्रज ‘आय गिव्ह अप’ म्हणतो तेव्हा आपण हात टेकतो!

म्हणून इंग्रजीच्या तासाला मराठी-कन्नड बोलायला बंदी करणे मला घातक वाटते. घरीही मराठी ‘गिव्ह अप’ करा, असा सल्ला आता पालकांना मिळतो. ती विडीसारखी सोडायची की किल्ल्यासारखी हवाली करायची, हे सल्ला देणाऱ्यांनी आधी सांगावे.

शिक्षकांना एकच विनंती. फळ्यावर इंग्रजी, मराठी, कन्नड असे तीन रकाने आखा. दखनी बोलणारे एखादे मूल ‘छोड दे’ म्हणत चौथा रकाना मागेल, तोही आखा.