‘चिकाना’ कुणाला म्हणायचं?

आजचा शब्द आहे ‘चिकाना’. अमेरिकन बातम्या, पुस्तकांची परीक्षणं वाचताना हा शब्द तुम्हाला भेटला असेल. साधा अर्थ, मेक्सिकन वंशाची अमेरिकन स्त्री. पुरुष असेल तर ‘चिकानो’. इंग्रजीत असा लिंगभेद फारसा नसतो, पण हा शब्द स्पॅनिशमधून शेवटचा ‘आ’ घेऊनच आला. आपल्याला शिक्षक-शिक्षिकाची सवय, त्यामुळे लगेच कळतं. आणि हो, शिकागोशी याचा काही संबंध नाही!

वापर दोन प्रकारे होतो. ‘ती चिकाना आहे’ असं नाम म्हणून, किंवा ‘चिकाना लेखिका’, ‘चिकाना कला’ असं विशेषण म्हणून. पहिलं अक्षर कायम कॅपिटल.

आता खरी गंमत. एकेकाळी हा शब्द हिणवायला वापरायचे. १९६०च्या दशकात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी तोच उचलला आणि अभिमानाने मिरवला. म्हणजे ‘मेक्सिकन-अमेरिकन’ म्हटलं की फक्त वंश कळतो, ‘चिकाना’ म्हटलं की भूमिकाही कळते. म्हणूनच त्या वंशाच्या अनेक जणी स्वतःला चिकाना म्हणवत नाहीत.

मग ‘चिकानो’मध्ये बायका आल्याच की, वेगळा शब्द कशाला? नेमका हाच वाद चळवळीतल्या स्त्रियांनी घातला. सगळ्यांचं नाव पुरुषाचंच का? त्याचा परिणाम आज दिसतो. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात विभागाचं नावच ‘चिकाना आणि चिकानो स्टडीज’ आहे. ग्लोरिया अँझाल्दुआसारख्या लेखिकेने तर ही ओळखच लिखाणाचा विषय केली. तिचं ‘बॉर्डरलँड्स’ १९८७ साली आलं.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. एक, मेक्सिकोत राहणाऱ्या मेक्सिकन बाईला चिकाना म्हणत नाहीत. चिकाना चित्रकारांना फ्रिडा काहलो कितीही जवळची वाटो, ती स्वतः मेक्सिकनच. दोन, समजा तुम्हाला अमेरिकेतल्या सहकारी बाईंची ओळख ईमेलमध्ये लिहायचीय. त्यांचे आजी-आजोबा मेक्सिकोतून आले, एवढ्यावरून ‘चिकाना’ लिहू नका. त्या स्वतः काय म्हणतात ते बघा, नाहीतर सरळ विचारा. आणि त्यांनी स्वतःच ‘चिकाना’ लिहिलं असेल, तर ‘सोपं करतो’ म्हणून ‘हिस्पॅनिक’ करू नका. तो शब्द त्यांनी निवडलाय, आपण फक्त नीट टाइप करायचाय.

चला, भेटू पुढच्या भागात!